गाडीचं जुनं ऑईल लॅबला पाठवलं, आणि इंजिनात लाल माती सापडली

इंजिन खोलायच्या आधी ऑईल तपासून घ्या, हे मी सध्या घरात, भावकीत, जांबोटीच्या पाहुण्यांना, भेटेल त्याला सांगायलोय. त्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच, काढून टाकायच्या काळ्या ऑईलमध्ये बघायचं काय असतंय? बरंच काही असतंय. आणि आपल्या बेळगाव-खानापूर-चंदगड पट्ट्यातल्या माणसाने तर त्या रिपोर्टातला एक आकडा सगळ्यात आधी बघावा, तो म्हणजे सिलिकॉन. सिलिकॉन म्हणजे साध्या भाषेत धूळ. पण आपल्या मातीत त्याचा हिशोब थोडा वेगळा लागतोय आणि ते मला कुठेच एका जागी लिहिलेलं मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी आमची डिझेलची सात सीटर, बाबांनी घेतलेली, केए २२, मीटर दोन लाखाच्या पुढं. घर बेळगावात टिळकवाडीत, शेत खानापूरच्या बाजूला, बहीण गडहिंग्लजला दिलेली, त्यामुळे गाडी हायवेला कमी आणि आतल्या रस्त्यांवर जास्त. उन्हाळ्यात ती थोडं थोडं ऑईल खायला लागली, चढाला पिकअप कमी वाटायला लागला, गॅरेजात नेली तर मेस्त्रींनी चालू इंजिनवर ऑईल भरायचं झाकण काढलं, तळहात धरून बघितलं आणि म्हणाले, "बॅक कॉम्प्रेशन मारायलंय बघा. हाफ इंजिन करून घ्या, नाहीतर फुल इंजिनला येईल." बॅक कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला गॅस पिस्टनच्या रिंगांतून खाली निसटून झाकणातून बाहेर मारतो ते. मेस्त्री माहितीतले, हात चांगला, त्यांचा अंदाज मी खोटा म्हणणार नाही. पण हाफ इंजिन म्हणजे हेड उतरायचं, चेंबर (इंजिनाखालची ऑईलची टाकी) खोलायचं, रिंगा, बेअरिंग नवे टाकायचे, गाडी पंधरा दिवस उभी, आणि दोन लाखाच्या पुढच्या गाडीवर एवढा खर्च करायचा का हा घरात वाद. बाबा म्हणाले, "विकूनच टाकूया काय रे?" ते गाडीकडे बघून म्हणाले आणि ते मला सहन झालं नाही, खरं सांगतो.

वाट दाखवली ती काकांनी. काका बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात होते, आयुष्य तिथंच गेलं. ते म्हणाले, आमच्याकडं प्रत्येक हीटचं, म्हणजे भट्टीत वितळवलेल्या प्रत्येक खेपेचं, सॅम्पल स्पेक्ट्रोवर मारल्याशिवाय मेटल ओतत नाहीत, ऑईलचंही तसंच निघतंय की.

बेळगावच्या माणसाला हे समजावायला सोपं जातंय कारण प्रत्येक घरात कोणीतरी फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये आहेच. वितळलेल्या लोखंडाचा नाण्याएवढा तुकडा ओततात, त्यावर ठिणगी मारतात, आणि त्या ठिणगीच्या उजेडावरून मशीन सांगतं की कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती, कारण प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचाच उजेड टाकतं. ऑईलच्या लॅबमध्ये तत्त्व हेच, फक्त ऑईल पातळ करून आरगॉन गॅसच्या प्लाझ्मात फवारतात, काही हजार डिग्रीला ते जळतं आणि त्यात विरघळलेला-तरंगणारा प्रत्येक धातू आपला उजेड दाखवतो. आकडा येतो पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागात किती भाग. ही पद्धत काही नवीन नव्हे, १९४६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड ह्या रेल्वेने डिझेल लोकोच्या जुन्या ऑईलमधले धातू बघून इंजिनातला बिघाड आधी ओळखायला सुरुवात केली, मग तिकडच्या नौदलाने विमानांसाठी तेच घेतलं. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही लोकोचं ऑईल असंच तपासतात. घरच्या गाडीला कोणी करत नाही एवढंच, कारण कोणी सांगत नाही.

लॅब बेळगावात शोधली, मनासारखी मिळाली नाही, शेवटी बाहेरच्या एका एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी देशपातळीवरची संस्था) मान्यता असलेल्या लॅबला कुरिअर केलं. लॅबची बाटली घट्ट बंद, त्यावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, मग खोका, तरी लिक्विड म्हटल्यावर कुरिअरवाल्याला बरंच समजवावं लागलं. फी ऑईल चेंजच्या खर्चापेक्षा कमीच पडली.

आता रिपोर्ट. पहिल्यांदा बघितला की डोळे फिरतात, वीसेक ओळी आकडे. पण त्यात तीन गट आहेत. एक झिजेचे धातू: लोखंड लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), क्रँक, कॅमवरून येतं, ॲल्युमिनियम बहुतेक पिस्टनचं, क्रोमियम रिंगांचं, शिसं आणि कथिल बेअरिंगच्या वरच्या थराचं, तांबं बेअरिंगचं किंवा ऑईल कूलरचं. दुसरा गट बाहेरून आलेली घाण: सिलिकॉन म्हणजे धूळ, सोडियम-पोटॅशियम म्हणजे बहुतेक कूलंट. तिसरा गट ऑईलमध्ये कंपनीने मुद्दाम घातलेलं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, फॉस्फरस वगैरे. हा तिसरा गट बघून पुष्कळ जण घाबरतात, "एवढं झिंक कुठून आलं" म्हणून, ते आपल्याच ऑईलचं असतंय. म्हणूनच पहिल्यांदा पाठवताना त्याच डब्यातल्या कोऱ्या ऑईलचीही एक बाटली पाठवावी, म्हणजे काय मुळात होतं आणि काय इंजिनात तयार झालं ते वेगळं दिसतं. थोडा खर्च वाढतो पण माझ्या मते सगळ्यात कामाचा खर्च तोच.

आमच्या पहिल्या रिपोर्टात शिसं, कथिल, तांबं अगदी खाली. म्हणजे बेअरिंग धडधाकट. क्रोमियम थोडं. लोखंड जरा वर. आणि सिलिकॉन चांगलाच वर, त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमही वर. लॅबने शेरा मारलेला की धूळ आत जाण्याची शक्यता, पिस्टन झिजण्याची शक्यता, एअर इनटेक, म्हणजे इंजिनाची हवा आत घ्यायची वाट, तपासा.

इथं मी थांबलो आणि आपल्या मातीचा विचार केला. साधारण धुळीत सिलिकॉन ॲल्युमिनियमपेक्षा बराच जास्त असतो, पृथ्वीच्या कवचातच सिलिकॉन साधारण २८ टक्के आणि ॲल्युमिनियम ८ टक्के, म्हणजे तिप्पटीहून जास्त. पण खानापूर-जांबोटी-चंदगडकडची लाल माती ही जांभ्याची माती. लाखो वर्षं पावसाने खडकातली सिलिका, म्हणजे सिलिकॉनचं ऑक्साईड, धुवून नेली आणि मागं लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साईड राहिले, म्हणून ती लाल, आणि म्हणूनच जांभ्याच्या पट्ट्यात बॉक्साईट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, सापडतो आणि बेळगावात बॉक्साईटपासून ॲल्युमिना काढायचा हिंडाल्कोचा कारखाना आहे, ज्याला जुनी माणसं अजून इंडालच म्हणतात. म्हणजे बघा, आपल्या रस्त्यावरची धूळ इंजिनात गेली तर सिलिकॉनचा आकडा जेवढा वाढायला पाहिजे तेवढा वाढणारच नाही, आणि ॲल्युमिनियम मात्र जास्त दिसेल, लोखंडही थोडं मातीतलंच असेल. बाहेरच्या लॅबमधला माणूस ते बघून पिस्टन झिजला म्हणणार, त्याची चूक नाही, त्याच्यासमोर देशभरातल्या गाड्यांचे सरासरी आकडे असतात. उलट अथणी, गोकाक, सौंदत्तीकडं काळी माती, तिकडच्या गाडीचा तोच सिलिकॉनचा आकडा वेगळ्या वजनाचा. त्यामुळे आपल्या लाल पट्ट्यात सिलिकॉन मध्यम आला तरी हलक्यात घेऊ नका, आणि ॲल्युमिनियम एकट्याने नव्हे तर सिलिकॉनला धरून वर गेलाय का ते बघा.

सिलिकॉन नुसता धुळीचाच असतो असंही नाही. हेड कव्हरला नवीन सिलिकॉन पेस्ट लावून बसवलं असेल तर ती ऑईलमध्ये उतरते, फेस येऊ नये म्हणून ऑईलमध्ये थोडा सिलिकॉन घातलेला असतो, काही कूलंटमध्येही असतो. पेस्टचा सिलिकॉन असेल तर तो एकटा वाढतो, झिजेचे धातू सोबत वाढत नाहीत, आणि दर ऑईल चेंजला खाली येत जातो. आमच्या इंजिनाला अलीकडे कोणी हात लावला नव्हता आणि लोखंड सोबत वाढलेलं, म्हणजे धूळच.

मग मेस्त्रींकडे रिपोर्ट घेऊन गेलो. मला वाटलं त्यांना राग येईल, पण त्यांनी चष्मा लावून नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेअरिंगचं शिसं नाही म्हणतोय काय, मग खोलायची घाई नको. चला, हवा कुठनं घेतेय ते आधी बघू." एअर क्लीनरचा डबा काढला. फिल्टर नवाच होता. पण डब्याच्या तोंडाची रबरी पट्टी वयाने कडक होऊन चपटी झालेली, आणि एअर क्लीनरकडून टर्बोकडे जाणाऱ्या घड्यांच्या रबरी पाईपला खालच्या बाजूने, घडीच्या आत, चीर गेलेली. वरून दिसतच नव्हती, पाईप वाकवल्यावर उघडायची. मेस्त्रींनी पांढरं फडकं त्या पाईपच्या इंजिनकडच्या तोंडात आतून फिरवलं आणि ते तांबूस निघालं. फिल्टरच्या पलीकडे धूळ असायलाच नको, पलीकडे एकदा गेली की ती थेट लायनर आणि रिंगांच्या मधे. ही फडक्याची तपासणी कुठल्याही गाडीवर दहा मिनिटांत होते, फुकट आहे, आपल्या भागात प्रत्येकाने दर सर्व्हिसला करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

पाईप नवा, पट्टी नवी, क्लिपा नव्या. त्याच दिवशी कॉम्प्रेशन टेस्टही, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, करून घेतली, कारण रिंगा आत्ता किती धरतात हे ऑईलचा रिपोर्ट सांगत नाही, तो फक्त सध्या किती झीज चाललीय ते सांगतो. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आले, थोडे कमी पण सारखे. इंजिन खोललं नाही.

फिल्टरवरून एक गोष्ट मधेच सांगतो. गॅरेजात दर वेळी एअर गनने फिल्टर मारून देतात, ग्राहकालाही बरं वाटतं. पण कागदी फिल्टर अगदी नवा असताना सगळ्यात कमी धूळ अडवतो, थोडा धुळीचा थर बसला की जास्त चांगला गाळतो, आणि जोराच्या हवेने कागद फाटतो किंवा भोकं मोठी होतात, शिवाय डबा प्रत्येक वेळी उघडला की थोडी धूळ आत पडतेच. भरला की बदलावा, मारत बसू नये. ऊसाच्या सीझनला, ट्रॉल्यांच्या मागून गावाकडच्या रस्त्याने रोज जाणाऱ्याने जरा लवकर बदलावा, बस्स.

दुसरा रिपोर्ट पुढच्या ऑईल चेंजला आला. सिलिकॉन निम्म्याहून खाली. ॲल्युमिनियमही त्याच्याबरोबर खाली. पिस्टन दुसऱ्याच कारणाने झिजत असता तर हवेचा पाईप बदलून तो आकडा खाली यायचं कारणच नव्हतं, म्हणजे ते मातीचं नाहीतर मातीमुळे झिजलेलं. लोखंडही उतरलं. गाडी ऑईल अजून थोडं खातेच, झिजलेल्या रिंगा काही परत भरून येत नाहीत, पण वाढत नाहीय. बाबांनी विकायचा विषय सोडला.

आकडे कसे धरायचे ह्यात लोक फसतात म्हणून हे जरा नीट वाचा. नुसता पीपीएम एकमेकाशी लावू नका, किलोमीटरने भागा. समजा एकदा ८००० किलोमीटरच्या ऑईलमध्ये लोखंड ४० आलं आणि पुढच्या वेळी ५००० च्या ऑईलमध्ये ३५. वरवर कमी झालं. पण हजार किलोमीटरला आधी ५ होतं ते आता ७ झालं, म्हणजे झीज वाढली. आणि मधे टॉप अप किती केलं तेही लिहून ठेवा, कारण दोन लिटर नवं ऑईल ओतलं की सगळे धातू पातळ होतात आणि ऑईल खाणाऱ्या गाडीचा रिपोर्ट खोटाच चांगला दिसतो. आमच्या डॅशबोर्डमध्ये आता छोटी वही आहे, आईच लिहिते, तारीख, मीटर, किती ओतलं.

एका रिपोर्टावर निर्णय घेऊ नये हेही खरं, पण कूलंट किंवा पाणी सापडलं तर मात्र एकच रिपोर्ट पुरे, तिथं थांबायचं नाही.

धातूंशिवाय बाकी जे येतं त्यात मी घट्टपणा आणि टीबीएन (खाली सांगतो) बघतो. घट्टपणा १०० डिग्रीला मोजतात, ऑईलच्या डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० ह्या ग्रेडमधला ४० म्हणजे त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (घट्टपणा मोजायचं माप) मधे असायला पाहिजे. डिझेल ऑईलमध्ये उतरलं तर पातळ होतं, काजळी वाढली किंवा ऑईल जळलं तर घट्ट होतं, आणि दोन्ही एकदम झालं तर आकडा बरोबर मधे येऊन बसतो आणि सगळं ठीक वाटतं, म्हणून फ्लॅश पॉईंट (ऑईलची वाफ पेट घेते ते तापमान, डिझेल मिसळलं की उतरतं) आणि काजळीची ओळपण बघायची. टीबीएन म्हणजे जळणातून तयार होणारं ॲसिड मारायची ऑईलची शिल्लक ताकद, कोऱ्या ऑईलच्या निम्म्याखाली गेली की बदलायची वेळ आली समजावं. इथेही कोऱ्या ऑईलचा रिपोर्ट लागतोच. रंगाचं मात्र मनावर घेऊ नका, डिझेलचं ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, ते काजळी धरून ठेवतंय म्हणजे आपलं काम करतंय.

पावसाळ्याचं आपल्याकडं वेगळंच. कणकुंबी, जांबोटीला पाऊस कसा असतो ते सांगायला नको, गाडी दोन-दोन दिवस हलत नाही, मग दुकानापर्यंत जाऊन परत. इंजिन पूर्ण तापतच नाही, आतल्या वाफेचं पाणी होतं आणि ऑईलच्या झाकणाखाली पांढरट मलई दिसते. ती बघून हेड गॅस्केट गेलं म्हणून हेड उतरवलेल्या गाड्या मला माहीत आहेत. मलई नुसती झाकणाखाली असेल, डिपस्टिकवर नसेल, कूलंट कमी होत नसेल तर आधी रिपोर्ट काढा. सोडियम-पोटॅशियम कोऱ्या ऑईलएवढंच असेल तर ते पावसाचं, चोर्ला घाटातून गोव्याला एक चक्कर मारली, इंजिन नीट तापलं की निघून जातं. त्यातलं एक किंवा दोन्ही वाढलेले असतील तर बहुतेक कूलंट आत येतंय, मग थांबू नका.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) डिझेलवाल्यांनी आणखी एक बघावं. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर असतो, तो साफ करायला पुष्कळ गाड्यांमध्ये जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये उशिरा सोडतात, आणि बेळगावातल्या बेळगावात कॅम्प ते शहापूर, शहापूर ते वडगाव एवढंच गाडी चालली तर ते साफ करणं अर्धवट राहतं आणि डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, तपासा. आणि ह्या गाड्यांच्या ऑईलचा टीबीएन मुळातच कमी असतो, जुन्या डिझेलच्या आकड्याशी लावून घाबरू नका.

आता रिपोर्ट कुठं कमी पडतो तेही सांगायला पाहिजे. प्लाझ्मातलं मशीन साधारण पाच ते आठ मायक्रॉनपर्यंतचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण बघतं. त्याहून मोठा कण त्याला दिसतच नाही, तो नीट जळत नाही. म्हणजे आतल्या धातूचा तुकडा निघून फिरत असेल तरी आकडा शांत दिसू शकतो. त्यासाठी लॅबमध्ये चुंबकाने लोखंडाचे मोठे कण मोजायची वेगळी टेस्ट असते, ती मागून घ्यावी. आणि घरी करण्यासारखं म्हणजे जुना ऑईल फिल्टर कापून घड्या उघडून उन्हात बघायचा, चकाकणारे तुकडे दिसतात का. आमच्या मेस्त्रींना हे फार आवडलं, आता ते दुसऱ्यांच्या गाड्यांचेही फिल्टर कापून दाखवायलेत.

सॅम्पल घ्यायची पद्धत शेवटी लिहितो कारण ती चुकली तर बाकी सगळं वाया. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, ऑईल गरम आणि ढवळलेलं पाहिजे. चेंबरच्या नटाभोवतीची माती आधी फडक्याने आणि ब्रशने पुसून काढा, तीच लाल माती बाटलीत पडली तर सिलिकॉन वर जाणार आणि तुम्ही उगाच पाईप शोधत बसणार. नट काढल्यावर पहिलं ऑईल सोडून द्या, तळाची घाण त्यात असते, शेवटचंही नको, मधल्या धारेला बाटली धरा, साधारण १०० मिली. बाटली लॅबचीच, पाण्याची किंवा औषधाची धुतलेली नको. हात जपा, ऑईल भाजतं. फॉर्मवर इंजिन कुठलं, एकूण मीटर, ऑईलवर किती चालली, ऑईलचं नाव आणि ग्रेड, टॉप अप किती, हे सगळं लिहा, आणि शेऱ्याच्या जागी "लाल जांभ्याच्या मातीचा भाग" असंही लिहा. मी दुसऱ्या वेळी लिहिलं होतं आणि लॅबवाल्याने फोन करून त्याबद्दल विचारलं, मग त्याच्या शेऱ्यात पिस्टनचं नाव आलं नाही.